पाटीवरचा शेवटचा आकडा

काळू नदी डाव्या हाताला ठेवून वळलात
की टेंभुर्ल्याची पाटी लागते.
नगरपंचायत आपले सहर्ष स्वागत करीत आहे.
त्याखाली लोकसंख्या: दहा हजार चौदा.
शेवटचा चार खडूनं लिहिलाय.
रंगारी बाळकृष्ण घुडे म्हणाला, गुरुजी,
रंगाचा डबा महागलाय
आणि माणूस काय, आज हाय, उद्या भिवंडीला.

गावाचं नगर व्हायचं ठरलं
तेव्हा दहा हजाराला एकोणऐंशी कमी पडत होते.
तालुक्याहून आलेल्या साहेबानं नकाशावर फूटपट्टी ठेवली
आणि पलीकडची कातकरवाडी अलीकडे ओढली.
त्र्याण्णव जण.
नदी होती तिथंच राहिली.

जुन्या दप्तरात फारसं उरलेलं नाही.
तरीच्या लिलावाचा एक कागद आहे,
साल वाळवीनं खाल्लंय, रक्कम सोडलीय:
रुपये अकरा, आणे चार,
बोली धर्मा नागो मढवी याची.
माणशी दिडकी. बैलास आणा.
प्रेतास माफ.
मी तो शब्द दोनदा वाचला, मग गाठोडं बांधलं.

कल्याणच्या बंदरावरून तेव्हा मीठ यायचं बैलांच्या पाठीवर
आणि इथून जायच्या गवताच्या गाठी,
मुंबईतल्या घोड्यांसाठी.
घोडे संपले.
गाठी दाबायचं लोखंडी यंत्र
फकीहांच्या वखारीमागे अजून उभं आहे,
त्यावर कारल्याचा वेल.
कमरूबी म्हणतात, काढू नका,
त्याच्यावर कारली गोड लागतात.
(लागत नाहीत. मी खाल्ली आहेत.)

माघात शिरगणतीचं काम माझ्याकडे आलं.
अलीकडच्या काठावर वीटभट्टी,
तिथं जव्हारकडची त्रेचाळीस माणसं सापडली,
हात कोपरापर्यंत चिखलात.
कुठले? विचारलं तर भट्टीमालकानं उत्तर दिलं.
लिहिली टेंभुर्ल्यात.

मग पलीकडे गेलो.
चार प्लास्टिकचे पिंप, वर फळ्या, मधे दोर:
ही तर. वल्हवणारा सदू मढवी,
बोलणारा कमी, थुंकणारा जास्त.

वाडीत एकवीस घरं.
कुडाची दारं सुतळीनं बांधलेली.
सूचनापुस्तिकेत लिहिलंय, घर कुलूपबंद असल्यास तशी नोंद करावी.
सुतळीबद्दल काही नाही.
सगळी पडघ्याकडच्या भट्ट्यांवर, अक्षय्य तृतीयेपर्यंत.
तिथं कुणीतरी गुरुजी त्यांना
तिथलेच म्हणून लिहीत असणार.

एक म्हातारी होती, बारकी मुकणे,
दोन शेळ्या, एक नातू,
आणि अंगणात उलटी घातलेली पाटी.
म्हणाली, कोंबडीची पिल्लं मोजू नये, घटतात.
आमाला कशाला मोजतोस?
मी म्हणालो, मोजलं तर नळ येईल.
ती नदीकडं बघून हसली. दात तीन.
तेही मी मोजलेच.

मग तिनंच नावं सांगितली, घराघरानं,
बोटानं ती ती सुतळी दाखवत:
इथं लहान्या, त्याची बायको वेणू,
पोटातलं एक, ते धर.
तिथं काळूराम, तिथं जानी, तिथं ठकी.
आणि माझा घरवाला, लिही, सोमा.
कुठं असतात?
रेशन आणाया निघाला व्हता, आषाढात, डोक्यावर गोणी.
हितंच हाय. वर आला नाय अजून.

पेन थांबलं. रकाना लहान होता.
मी काय लिहिलं ते सांगत नाही,
शिक्का बसलेला कागद आहे तो.

परतताना पाणी संथ, पिंपाला शेवाळ.
मधोमध आल्यावर सदूनं हात पुढे केला. दहा रुपये.
मी म्हणालो, अरे, सरकारी कामावर आहे.
त्यानं वल्हं आडवं धरलं, थुंकला,
म्हणाला, आज्याच्या आज्यापासनं एकच हिशेब, गुरुजी:
मेल्याला माफ.
बाकी सगळ्यांना दहा.